ईश्वरीच्या डोळ्यांतलं पाणी

तांडा, ता. मानोरा
१२ डिसेंबर २०२४, सकाळ

प्रिय निताबाईस, वहिनी संगीताचा स. न. वि. वि.

टावर तीन दिवसांपासून बंद हाय, म्हणून रामसिंगभाऊच्या जीपमंदी चिठ्ठी देऊन राह्यली. आपल्या ईश्वरीले परवापासून उलट्या अन् पान्यासारखे जुलाब लागले. तुमचे भाऊ ऊसतोडीले गेले, घरात सासूबाई अन् मीच. त्या म्हणतात, पोटात गेलं तेच बाहेर येते, दूध-पाणी बंद कर. म्या ऐकलं. आता पोरगी रडते, पण डोयाले पाणी येत नाई. मागच्या साली कारखान्यावर झाली, तवा तिचे तोंडातून पाजायच्या लसीचे डोस हुकले, ते कोणाले सांगितलं नाई.

जंतूंचं शिकता म्हणून तुमाले किती हासलो आमी! आता तुमीच सांगा, काय करू? लय भेव वाटून राह्यलं.

तुमची संगीता

वाशीम
१२ डिसेंबर, दुपार

ती. वहिनीस, निताचा सा. नमस्कार.

डोयाले पाणी नाई, म्हणजे एक घडीही थांबू नका. रामसिंगदादाले सांगितलं, याच जीपमधी तिले मानोऱ्याच्या दवाखान्यात न्या. सोबत ओआरएसच्या पुड्या देते. एक पुडी लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात. चमच्या-चमच्यानं पाजत राहा. ओकली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा पाजा. अंगावरचं दूध तोडू नका.

रोटा विषाणू असावा. नागपुरात दोन वर्षं मी त्याचंच काम केलं. पेशीत शिरला की तो काही प्रथिनं घडवून घेतो. ती त्याच्या अंगात बसत नाईत, पेशीत राहून त्याच्यासाठी राबतात. त्यातली दोन मिळून नवे विषाणू जुळवायची जागा उभारतात. एक मात्र आतड्याले विषासारखं लागते, अन् आतडं अंगातलं पाणी बाहेर सोडत राह्यते. म्हणून उपाशी ठेवून जुलाब थांबत नाई, लेकरू सुकते. तरी साखर-मिठाचं पाणी आत घ्यायची वाट उघडी असते. आईले हे वाचून दाखवा.

ती प्रथिनं मी काचेवरचे चमकते ठिपके म्हणून पाह्यली. कधी भ्याली नाई. आज पुड्या तीनदा मोजल्या.

पोरीले सांभाळा, मलेही.
निता

मानोरा, दवाखाना
१४ डिसेंबर

प्रिय निताबाईस, स. न. वि. वि.

दोन दिवस सलाईन होतं. डॉक्टर म्हणे, अजून उशीर केला असता तर कठीण होतं. काल सकाळी ईश्वरीनं शू करून माही मांडी ओली केली, अन् मी तशीच बसून रडली. आज सुई टोचली तर भोकाड पसरलं, गालावर टपटप आसवं. नर्स हासून राह्यली होती.

एक सांगते. तुमची चिठ्ठी वाचली तवा सासूबाईनं ती पुन्हा वाचायले लावली. मंग जीपमंदी चमचा माह्या हातातून घेतला, मानोऱ्यापर्यंत कोणाले दिला नाई. तवापासून पाण्याचा लोटा पोरीपासून हलू देत नाईत. काहून, ते सांगत नाईत.

माया असू द्या.
संगीता

तांडा
२० डिसेंबर

निता बेटीले आई गोमतीचा आशीर्वाद.

हे तांड्यावरच्या आशाताईच्या हातानं लिहवून राह्यली, संगीताले माहीत नाई. ईश्वरी बरी हाय, रांगून राह्यली.

तुह्या बादलभाऊच्या पाठचा, तुह्या आधीचा एक होता. धनराज. दोन वर्साचा. तुले कधी सांगितलं नाई. असाच जुलाबानं गेला. तुही आजी म्हणे पाणी देऊ नको. तो लोट्याकडं हात करे, बाई. मी लोटा उचलून बाहेर ठेवला.

तू शिकलेली हायस. पाजलं असतं तर वाचला असता का?

चिठ्ठीत लिहू नको, घरात संगीता वाचते. सुट्टी काढून ये, माह्यापाशी बस, अन् खरं असंल तेच सांग.

वाट पाहून राह्यली,
तुही आई