राजाला दीर्घायुष्य

लेटरकेनी, मंगळवार

बाबा,

चारशे वर्षांपूर्वीच्या इंग्लंडमधल्या ज्योतिष्यांवर मी प्रबंध लिहिला. राजाचं मरण वर्तवणं राजद्रोह ठरायचं, म्हणून ते पत्रिकेत काहीही दिसलं तरी दीर्घायुष्यच सांगत. मी त्यांना लाचार म्हटलं आणि तुमच्या पत्रिका बघण्यालाही हसले.

तुमचे जावई बारा दिवस आयसीयूत बेशुद्ध आहेत. काल मीच फोनवर विनवलं, "बाबा, विवेकची पत्रिका बघा ना."

तुम्ही म्हणालात, "डॉक्टर सांगतील तसं कर, पोरी."

चाळीस वर्षांत तुम्ही कुणालाच उपायाशिवाय परत पाठवलं नाहीत. तुम्ही मला एखादा उपास तरी सांगायचा होता!

हे पत्र मी पाठवणार नाही. तुम्ही खरं उत्तर लिहाल, याची भीती वाटते.

तुमची,
मुक्ता