सोळा नंबरचं दार

कोल्ड क्रीक,
१२ मार्च १९७९

चि. न्यूएल यास आर्डिथताईचे अनेक आशीर्वाद.

तू आईसाठी पाठवलेला विजेचा हीटर पोचला. छान आहे. आईनं तो खिडकीत ठेवून त्यावर जिरेनियमची कुंडी मांडली आहे, आणि स्वतः कोट घालून लाकडाच्या शेगडीपाशी बसते. आल्यागेल्याला मात्र सांगते, की मिशिगनहून न्यूएलनं पाठवलाय, फार ऊब देतो. कुंडीला देत असेल.

बातमी अशी, की परवा हॉइट प्लेमन्स आला होता. तोच, पेंडीच्या दुकानाचा मालक, जो आपल्या डॉर्सीच्या प्रत्येक मोटारशर्यतीला पहिल्या रांगेत बसून घसा फोडून घ्यायचा. रेड बँकच्या ट्रॅकवर आता पाइनची झाडं उभी राहिलीत, म्हणून जुन्या शौकिनांचा मेळा जूनमध्ये बंबखान्याच्या हॉलमध्ये भरवायचं ठरलंय. ज्याच्याकडे जे असेल ते त्यानं आणायचं. टोप्या, तिकिटांचे तुकडे, फाटके टायर. बर्ल टॉलिव्हर एक पिस्टन आणणार आहे. तो त्यानं दिवाणखान्यात, बायकोचा फोटो होता त्या जागी ठेवलाय. बायको जिवंत आहे, हे मुद्दाम सांगते.

आणि आपल्याकडून त्यांना डॉर्सीच्या गाडीचं दार हवंय. गाडी उलटून तो गेला तेव्हा निखळून बांधावर जाऊन पडलेलं आणि बाबांनी घरी आणून गोठ्यात टांगलेलं.

हॉइट सांगत होता, की गाडीत पहिला हात त्यानंच घातला, ज्वाळा अंगावर घेऊन. गाडी पेटलीच नव्हती. बर्लही म्हणतो, पहिला हात त्याचा. पोस्टातला म्हातारा म्हणतो, त्याचा. तेवीस वर्षांत मला भेटलेले सगळे पहिले हात खरंच त्या दिवशी धावले असते, तर डॉर्सी गर्दीतच गुदमरला असता. मी तिथं होते. एकटे बाबा धावत होते, त्या लंगड्या पायानं. बाकीचे उभे राहून बघत होते, आणि त्यात मीही होते.

मला वाटलं आई हॉइटला हाकलून देईल. तिनं त्याला घेवडा आणि मक्याचा पाव वाढला, आणि म्हणाली, ने, पण जसं नेशील तसं परत आण. मग स्वतः गोठ्यात जाऊन दार गोधडीत गुंडाळून दिलं. हॉइटनं ते ट्रकमध्ये ठेवलं असं काही, की जणू आत कुणी झोपलंय.

तू येशील का जूनमध्ये? विचारायचं म्हणून विचारते. लोभ असेलच, तो मधूनमधून कागदावरही उतरू दे.

तुझी ताई,
आर्डिथ

*

फ्लिंट,
२५ मार्च १९७९

ति. आर्डिथताईस, सा. न. वि. वि.

पत्र वाचून हसलो. कुंडीला माझा नमस्कार सांग.

जूनचं म्हणशील तर मी येत नाही. बाबांच्या दफनाला आलो होतो तेव्हाचं तुला आठवत असेल. हॉइटनं मला मिठी मारली आणि डॉर्सी, डॉर्सी म्हणत हमसून रडला. बाबांची शवपेटी शेजारी उघडी होती. त्याच्यामागे आणखी रांग लागली होती. मी दादासारखा दिसतो हा काही माझा गुन्हा नाही, पण तिथं आलो की मी त्याची शिक्षा भोगत असतो. त्यांना मी नको आहे गं. त्यांना मला बघून दादाला बघायचं असतं.

पण मी माझ्याकडून एक गोष्ट केली आहे, आणि ती आईला सांगू नकोस, तिला मेळ्यातच दिसू दे. तुला ठाऊकच आहे, मोटारींच्या कारखान्यात मी रंगखात्यात तपासनीस आहे. दिवसभर माझ्यासमोरून दारं सरकत जातात. एकावर बोटाचा डाग दिसला तरी खडूनं फुली मारून परत पाठवतो. इतक्या वर्षांत परक्या लोकांची किती दारं मी चकचकीत करून घेतली, आणि घरचं एक दार गोठ्यात गंज खात पडलेलं. गोठ्यातली ओल त्याला आणखी किती दिवस टिकू देणार?

म्हणून हॉइटला दुकानावर फोन केला. शार्लट शहरात एक उत्तम रंगारी आहे, जुन्या गाड्यांचंच काम करतो. त्याच्याकडे दार पोचलंय. गाडी पहिल्यांदा रंगवून बाबांनी अंगणात उभी केली होती, त्या दिवसाचा फोटो माझ्यापाशी होता, तो नमुना म्हणून पाठवला. गंज पत्र्यापर्यंत घासून काढायचा, पोचे ठोकून सपाट करायचे, मग अगदी त्या दिवसासारखं काळं दार आणि पांढरा सोळा. खर्च माझा. आई म्हणाली ना, जसं नेशील तसं आण? त्याहून चांगलं येईल.

एवढं तरी मला दादासाठी करता आलं याचं बरं वाटतंय. चूक झाली तर रागाव, पण रागावूनही लिहीत राहा.

तुझा धाकटा,
न्यूएल

*

कोल्ड क्रीक,
१४ एप्रिल १९७९

चि. न्यूएल यास आशीर्वाद. खुशाली नंतर कधीतरी. हे बसून वाच.

तुझं पत्र आलं तेव्हा मला ते पटलं होतं, हे आधी सांगते, म्हणजे सगळं तू एकट्यानं अंगावर घेणार नाहीस. इतके दिवस गप्प राहिले. गप्प राहणं मला जमत नाही हे सगळा गाव जाणतो, त्यावरून माझा आनंद ओळख.

गेल्या रविवारी चर्चहून आल्यावर आई नेहमीप्रमाणे गोठ्यात गेली. आपण समजायचो, कोंबड्यांची अंडी बघायला जाते. बराच वेळ आली नाही म्हणून मी गेले, तर ती त्या रिकाम्या खिळ्यासमोर उभी होती. मला म्हणाली, हॉइट नीट सांभाळेल ना, त्यावर डॉर्सीचा हात आहे.

न्यूएल, गाडीवरचा नंबर आई रंगवायची. दर शनिवारी. ट्रॅकवरच्या खड्यांनी तो खरवडून जायचा, म्हणून घराच्या खिडक्यांना लावायच्या पांढऱ्या रंगानं ती पुन्हा काढायची. सहाचं पोट जरा वाकडंच यायचं. त्या शेवटच्या शनिवारी रंग ओला असतानाच डॉर्सी तिनं बांधून दिलेलं टोमॅटोचं सँडविच घ्यायला आला, आणि घाईत दारावर पंजा टेकला. बरोब्बर सहाच्या पोटात. आई त्याला म्हणाली, गाढवा, तुला दोन मिनिटं दम धरता येत नाही का? तो हसला, आल्यावर पुसतो म्हणाला आणि गेला. एवढंच त्यांचं शेवटचं बोलणं.

तो पंजा तसाच वाळला होता. पाची बोटं. दर रविवारी आई त्यावर आपला हात ठेवून उभी राहायची. बाबांनाही हे माहीत नव्हतं. मला आता सांगितलं, तेसुद्धा खिळा रिकामा होता म्हणून.

सोमवारी उजाडताच हॉइटच्या दुकानात गेले. आपल्या टेलिफोनच्या लाइनीवर शेजारची चार घरं कान लावून असतात, तिथं हे कसं बोलू? हॉइट दुकान उघडंच टाकून निघाला. शार्लटपर्यंत तो बडबडत होता, की इतक्यात हात घातला नसेल, हे कारागीर लोक आठवडे लावतात.

दार दोन लाकडी आधारांवर आडवं ठेवलं होतं. काळं कुळकुळीत. वाकून पाहिलं तर त्यात मी दिसले, सत्तेचाळीस वर्षांची आणि रडवेली. सहा कसा, छापल्यासारखा सरळ. रंगारी बिचारा भला माणूस. कौतुकानं सांगत होता, की सहाच्या पोटात कुणीतरी घाण करून ठेवली होती, ती काढायला सगळ्यात जास्त त्रास पडला.

हॉइटनं टोपी काढून हातात घेतली. परतताना अर्ध्या वाटेवर त्याला हळूच कंठ फुटला, की ठसाच हवा ना, तो काय, कुणाचाही उठवता येईल, म्हातारीला कुठं कळणार. मी त्याला ट्रक थांबवायला सांगितलं आणि खाली उतरून चालू लागले. तो मागून ट्रक हळूहळू चालवत, खिडकीतून माफी मागत येत होता. शेवटी पाय दुखले म्हणून चढले.

आईला अजून ठाऊक नाही. मेळ्याला निळा झगा घालायचा म्हणून तिनं तो धुऊन ठेवलाय. मी काय करू, सांग. या वेळी मला खरंच सुचत नाही.

आर्डिथ

*

फ्लिंट,
२२ एप्रिल १९७९

ति. ताईस, सा. न. वि. वि.

काय लिहू? परवा कारखान्यात लाइनीवर एक दार आलं, त्यावर कुणाची तरी चार बोटं उमटली होती. माझ्यानं फुली मारवेना. दार तसंच पुढे गेलं. साहेबांनी बोलावून विचारलं, डोळे आलेत का. हो म्हणालो.

रागावू नकोस, पण हॉइट अगदीच चुकीचं बोलला नाही. कुणाचाही नाही, माझा. बाबा आम्हा दोघांत हातमोज्यांचा एकच जोड आणायचे, तुला आठवतं? दादाला बसेल ते मला बसायचं. मी मेळ्याच्या आदल्या दिवशी येतो. रंगाऱ्याला सांग, सहा पुन्हा ओला करून ठेव. मी पंजा टेकवतो आणि कुणी बघायच्या आत परत जातो. आई हात ठेवील तेव्हा तिला फरक कळणार नाही.

नाहीतरी सगळे मला डॉर्सीच म्हणतात. एकदा त्याचा उपयोग तरी होऊ दे.

आईला यातलं एक अक्षर कळू देऊ नकोस. माझ्यावर लोभ ठेव असं म्हणायला तोंड नाही. ठेवता आला तर ठेव.

न्यूएल

*

कोल्ड क्रीक,
६ मे १९७९

चि. न्यूएल यास आईचे उदंड आशीर्वाद.

तुझं पत्र आर्डिथनं माझ्या हातात दिलं. तिला बोलू नकोस. पत्र आल्यापासून ती भांडी घासताना फोडत होती, तेव्हाच मी ओळखलं आणि मागून घेतलं.

मी शार्लटला जाऊन दार पाहिलं. हॉइट घेऊन गेला, बर्ल टॉलिव्हरही होता. काम फार सुबक आहे, हे तुला सांगायला हवं. अगदी पहिल्या दिवसासारखं झालंय. पण बाळा, त्या दिवशी डॉर्सी त्या गाडीत बसलासुद्धा नव्हता.

मी हात ठेवून पाहिला. घसरला. त्याची करंगळी माझ्या करंगळीच्या किती पुढे यायची, ते मला आता सांगता येत नाही. पुढे यायची एवढं नक्की. राग आला नाही असं म्हणणार नाही. दोन दिवस मी तुझं नाव घेतलं नाही.

परत येताना त्या दोघांना विचारलं, डॉर्सी हसायचा कसा ते सांगा. दोघं विचारात पडले. मग बर्लनं इंजिनाचं सांगितलं, हॉइटनं दाराच्या चामडी पट्ट्याचं, आणि पट्टा काळा की तपकिरी यावरून घरापर्यंत भांडले. चांगली माणसं आहेत. त्यांचं प्रेम गाडीवर होतं, त्यात तो बसलेला होता. दार मी त्यांनाच देऊन टाकलंय. मेळ्यात लावा, मग बंबखान्यातच राहू द्या म्हटलं. हॉइट रडला. मी नाही रडले.

आता तुझं. त्या दारावर तुझा हात नको. मला फरक कळला नसता, हे तू बरोबर लिहिलंस, आणि तेच मला लागलं. दर रविवारी मी तुझ्या हातावर हात ठेवून डॉर्सीला आठवत राहिले असते, आणि तू तिकडे जिवंत.

पत्र वाचल्यावर तुझा हात डोळ्यांपुढे आणायचा प्रयत्न केला. शेगडीपाशी बसून पुष्कळ वेळ केला. येत नाही. नखं कशी आहेत, कुठं भाजल्याचा डाग आहे का, रंगानं कातडी खराब झालीय का, काही म्हणता काही ठाऊक नाही मला.

मेळ्याला येऊ नकोस. ही गर्दी पांगली की जुलैत ये, आणि राहायला ये. हॉइटला फाटकाशी उभं राहून सांगेन, की हा न्यूएल आहे, डॉर्सी म्हणालास तर घेवडा मिळणार नाही.

लोभ इथंच आहे. तो पोस्टानं पाठवता येत नाही, न्यायला ये.

तुझी,
आई