मेजर का मायनर

१० जून
निकाल लागून गेला, माह्यं अजून ठरलंच नाही. सकाळी उठली की वाटते इतिहासच घ्यावा. दुपारी मामाचा रिसोडवरून फोन येते, मंग वाटते फार्मसीच बरी. बारावी सायन्स बी मामाच्याच सांगण्यानं केली. त्याची आडत हाय, सोयाबीनचा भाव सांगावा तसा बोलते : "इतिहासाले मार्केट नाही वं पोरी."
मले त्याच्यासमोर बोलताच येत नाही. राग येते सोताचा.

१२ जून
आईनं विचारलं, काहून इतिहास? म्हटलं, आपल्या गावाचं नाव किन्हीराजा. कोनता राजा? सांग. आई म्हने, "असन कोनी. तुले काय त्याची भाकर टाकाची हाय?"
बाबा हासले. पन जेवता जेवता मधातच म्हनाले, "खरंच, कोन असन बाप्पा?"
बस, एवढंच. पन मी लय खूश!

१६ जून
शबानाले घेऊन तालुक्याच्या कॉलेजात गेली. शबाना मंगरूळपीरची, बारावीपासूनची दोस्त. तिचं बी.कॉम. ठरलेलं, अब्बाचं बांगड्याचं दुकान हाय ना. निवांत हाय ते.
सर म्हनाले, इतिहास मेजर आमच्याकडं चालत नाही, पोरंच येत नाहीत. मराठी मेजर घ्या, इतिहास मायनर ठेवा. मेजरच पाह्यजे तर अमरावतीले जा.
मेजर, मायनर, आनखी काय काय. डोकं भनभन करून राह्यलं. शबानानं रसवंतीत नेलं, तरी काही सुचलं नाही.

१७ जून
घरी सांगतलं. मायनर म्हटल्याबरोबर बाबा सरसावून बसले.
"मायनर? आपल्या वावराच्या धुऱ्यावरून जाते तसा?"
कालव्याचा मायनर, म्हंजे छोटा पाट! मी आन् आई पोट धरून हासलो. बाबा नाही हासले.
"मायनरवर काहून चाल्ली माय? तिकडं मोठा कालवा भरून वाह्यते, आन् आपन टेलले, पार शेवटाले. आपल्यापर्यंत कदी पानी आलं?"
म्हटलं, बाबा, हे विषयाचं हाय, पान्याचं नाही.
"समजलं मले. मुख्य ते मेजर, उरलंसुरलं मायनर. असंच ना?"
असंच.

२० जून
मामा गाडीवर आला. फार्मसीचा हट्ट सोडला त्यानं. म्हने, "घरी राहून मराठी कर, इतिहास मायनर ठेव. हौस बी भागते, पुढं बी.एड. बी होते." आईले पटलं. खरं सांगू, मले बी पटलं. अमरावतीची भीतीच वाटते मले. तिथं आपलं कोन हाय?
शबाना फोनवर भडकली. "पागल है क्या? मराठीच्या तासाले झोपत होती तू!"
ते बी खरं.
बाबा सारा वेळ दोर वळत बसले. मामा गेल्यावर बी.

२२ जून
बाबाचा डबा घेऊन वावरात गेली. बाबा धुऱ्यावर, कोरड्या मायनरच्या काठाले बसले होते. आपूनच बोलले.
"हा खोदला तवा तू झाली नव्हती. पानी येईन म्हने. मी अजून वाट पाहून राह्यलो." मंग म्हनाले, "मले तुह्या इतिहासातलं काही समजत नाही. अमरावती दूर हाय, तुह्या आईले झोप नाही येनार, मले बी नाही. पन मायनर नको घेऊ."
म्हटलं, मंग जाऊ अमरावतीले?
बाबानं डबा तसाच ठेवला, फावडं घेतलं आन् मायनरमध्ये उतरून गवत काढाले लागले.
"बाबा, पानी येतच नाही तर गवत कायले काढता?"
"आलं तर?"
आता यातून मी काय समजू? उद्या कॉलेजच्या अर्जाची शेवटची तारीख हाय.