राखाडी गाडी आणि बाकीची मिळकत

मी, ट्वायला जून ऑस्ट्रँडर, कैलासवासी मर्ल ऑस्ट्रँडर यांची पत्नी, वय वर्षे शहात्तर, राहणार क्ले फोर्क, वायोमिंग, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, स्वतःच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून, कोणाच्याही दडपणाखाली न येता लिहून ठेवत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. स्मरणशक्ती तर इतकी चांगली आहे की आमचा शेजारी डेल्बर्ट नीस याने तिची धास्तीच घ्यावी. यापूर्वी केलेले मृत्युपत्र रद्द समजावे. ते मी आणि मर्लने मिळून केले होते, त्यात आम्ही सगळे एकमेकांना देऊन टाकले होते, आणि आता त्या कागदाचा काही उपयोग नाही.

वकील पॅगेट म्हणाले की मृत्युपत्र शांत चित्ताने लिहावे. ते मला जमणार नाही. शुक्रवारी माझी नवी गाडी येते आहे. एक टनी पिकअप, डिझेल, मागे दुहेरी चाके, कोणीही न वापरलेली. मी आयुष्यभर दुसऱ्यांनी वापरून टाकलेल्या गाड्या चालवल्या, आणि आता शहात्तराव्या वर्षी पहिल्यांदा कोऱ्या सीटवर बसणार आहे. गेले चार दिवस मला जेवण सुचत नाही.

हे वाचायला जे बसतील त्यांना खरे तर एकच गोष्ट हवी आहे, की राँच, म्हणजे ही जमीन आणि गुरे, कोणाला. ते मला ठाऊक आहे. माझा एकुलता एक मुलगा केंडल कॅस्पर शहरात असतो. त्याला गुरांची आवड नाही, आणि जागा हाती आली तर तो विकेल हे त्याने माझ्यापासून कधी लपवले नाही. डेन्व्हरची काही मंडळी आमच्या ओढ्याकाठी सुट्टीची घरे बांधायला टपून बसली आहेत. दुसरीकडे आहे रेनाटा आर्चुलेटा, केंडलची पूर्वीची बायको. तिने या राँचवर आठ वर्षे काढली, घटस्फोट झाल्यावर ती गावात राहायला गेली, पण गायी विण्याचे दिवस आले की अजूनही न बोलावता हजर होते. घटस्फोटानंतर एकदा ती मला 'मिसेस ऑस्ट्रँडर' म्हणाली. मी तिला सांगितले की असली थेरं माझ्या अंगणात चालणार नाहीत. तेव्हापासून पुन्हा 'आई' सुरू आहे.

राँचचे कलम शेवटी आहे. केंडल, पाने उलटू नकोस.

कलम पहिले. बँकेत असेल ती रोख रक्कम अर्धी केंडलला आणि अर्धी आमच्या गावच्या अग्निशमन पथकाला. पथकाने त्यातून नवा पंप घ्यावा, पुन्हा नाचगाण्याचा कार्यक्रम करू नये.

कलम दुसरे. मर्लचे खोगीर केंडलला. तो त्यावर बसणार नाही, पण ते वडिलांचे आहे. वेल्डिंगचे यंत्र, कुंपणाची सगळी हत्यारे आणि विताना अडलेली वासरे ओढायची साखळी रेनाटाला. बीन्स हा कुत्राही तिलाच. त्याने स्वतःची व्यवस्था केव्हाच करून ठेवली आहे, ती आली की तो माझ्याकडे ढुंकून पाहत नाही.

कलम तिसरे. जुनी लाल गाडी डेल्बर्ट नीसला. याचे कारण लिहिणे भाग आहे. आमच्याकडे माणूस चर्च बदलतो, बायको बदलतो, पण गाडीची कंपनी बदलत नाही. नीस घराणे चार पिढ्या पांढऱ्यांचे आणि ऑस्ट्रँडर घराणे लालांचे. (कंपन्यांची नावे मी लिहीत नाही, रंगांनीच ओळखावे. तिन्ही विक्रेते माझ्या ओळखीचे आहेत आणि मेल्यावर मला कोणाशी तंटा नको.) मर्लच्या दफनानंतर चर्चच्या जेवणात, बटाट्याची थाळी हातात असतानाच डेल्बर्ट मला म्हणाला होता, "ट्वायला, आता तुला झेपायचं नाही. गायी मला देऊन टाक, भाव बरा देईन." म्हणून मी त्याला माझी लाल गाडी देते आहे. अट एवढीच की त्याने ती चार जुलैच्या, स्वातंत्र्यदिनाच्या मिरवणुकीत, खिडक्या उघड्या ठेवून, मुख्य रस्त्याने सबंध चालवावी. नाही म्हटले तर ती भंगारात द्यावी आणि तो का नाही म्हणाला हे आयडाच्या कॅफेतल्या फळ्यावर लिहावे.

कलम चौथे. नवी राखाडी गाडी. हे कलम लांबणार आहे.

लाल गाडीने मागच्या ऑक्टोबरात, गुरे डोंगरावरून खाली आणताना पायपर घाटात मान टाकली. ती दुरुस्त करून आणली, पण तेव्हाच मी ठरवले की घ्यायची तर नवी, आणि पांढरी, लाल, राखाडी अशा तिघींना तोलून घ्यायची. केंडलला हे कळले आणि मुलाच्या अंगात वारे शिरले. त्याने संगणकावर मोठा तक्ता केला. खेचण्याची ताकद, टाकीत डिझेल किती, गिअर किती, सीट गरम होते का, आरसे किती मोठे. दर रविवारी फोन. "आई, लालचा टॉर्क बघितलास का? घर उपटून नेईल." मी म्हणायची, "घर आहे तिथे बरं आहे." पण खरे सांगते, मलाही मजा येत होती. आम्ही मायलेक इतके बोललो नव्हतो कित्येक वर्षांत.

विक्रेत्यांनी मला हरभऱ्याच्या झाडावर चढवायला कमी केले नाही. पांढरा म्हणाला, तुमच्यासारखी अनुभवी बाई दुर्मीळ. लाल म्हणाला, तुम्ही तर घरच्याच. राखाडीवाला मात्र कमी बोलला आणि त्याने किल्ली गाडीतच ठेवली. मी तिघांनाही एकच सांगितले, की माझा गुरांचा ट्रेलर जोडून, भरून, पायपर घाट चढवून उतरवल्याशिवाय मी सही करणार नाही. लालवाला जरा घुटमळला. "ट्वायला, ट्रेलरमधलं शेण उडतं हो. कोऱ्या गाडीच्या मागच्या काचेपर्यंत येतं."

"मग ही गाडी विकणार कोणाला आहेस, पाद्र्याला?"

त्याने गाडी दिली.

पहिल्या फेरीला केंडलने ट्रेलरमध्ये सिमेंटचे ठोकळे भरले. बारा गायींच्या वजनाचे, मोजून. म्हणे तिघींची सारखीच परीक्षा झाली पाहिजे. रेनाटा वेल्डिंगचे यंत्र परत करायला आली होती, ती ट्रेलरकडे बघत उभी राहिली.

"काय आहे यात?" तिने विचारले.

"वजन," केंडल म्हणाला.

"वजन दिसतंय. गायी कुठायत?"

"गायी कशाला? आकडा तोच येतो."

"सिमेंट वळणावर पाय सरकून पडत नाही, केंडल. एकमेकांच्या अंगावरही जात नाही. तुला आईसाठी गाडी घ्यायचीय का पूल बांधायचाय?"

केंडलच्या कपाळाला आठी पडली, पण मी ठोकळे उतरवायला लावले. त्याच्या जागी आमच्या बारा गायी चढल्या, सगळ्या म्हाताऱ्या, डोंगराची वाट माहीत असलेल्या. रेनाटाने आणखी एक अट घातली, की एका गाडीमागे पुरते दोन दिवस गायींना विसावा, पाणी, गवत. तीनदा एकाच दिवशी हाल करायचे नाहीत. गायी माझ्या आणि अटी तिच्या, पण मी मान डोलावली.

गाडी प्रत्येक वेळी मीच चालवली. शेजारी केंडल मोबाइलवर वेळ लावून बसला. मागच्या सीटवर रेनाटा.

पांढरी चढली ती अशी, की मला हसू आवरेना. बारा गायी मागे असताना ती घाट खाऊन टाकत होती. केंडल ओरडून वेळ सांगत होता. "आई, चाळीसच्या खाली आलीच नाही!" माथ्यावर पोचलो आणि मी उताराला लावली. उतारावर गाडीला इंजिननेच रोखून धरतो तो इंजिन ब्रेक लागला एकदम, मागून कोणी पदर ओढावा तसा. सुटला, पुन्हा लागला. पायथ्याशी थांबलो तर केंडल पुढच्या काट्यांवर वाकला, इंजिन किती तापले, तेल किती तापले. मागचे दार उघडल्याचा आवाज आला. रेनाटा ट्रेलरच्या फटींना डोळा लावून उभी होती.

"दोघी बसल्यात खाली," ती म्हणाली. "बसल्या नाहीत, पडल्यात. उठतील. पण घाबरल्यात."

लाल गाडीच्या वेळी माझा जीव वर-खाली होत होता, कारण ती आमची कंपनी. मर्लच्या वडिलांपासूनची. चढावर ती पांढरीच्या तोडीस तोड. उतारावर आवाज फार, पण धरून ठेवत होती. तिसऱ्या वळणावर मात्र मला पायाने ब्रेक दाबावा लागला. पायथ्याला एक गाय गुडघ्यावर होती. केंडल म्हणाला, "एकच ना? पांढरीत दोन होत्या." त्याला लालच हवी होती, आणि मलाही. रेनाटा ट्रेलरमध्ये शिरून त्या गायीचे गुडघे चाचपत होती.

राखाडी चढावर मागे पडली. केंडलने वेळ सांगायचेच सोडून दिले. "आई, हिला तुझ्याहून जास्त धाप लागलीय." मी माथ्यावरून तिला खाली सोडली, इंजिन ब्रेकचे बटण दाबले आणि पाय बाजूला घेतला. त्या गाडीने आम्हाला पहिल्या वळणापासून शेवटच्या वळणापर्यंत एकाच चालीने खाली आणले. मी ब्रेकला पाय लावला नाही. तरण्याबांड वयात या घाटात माझे हात घामाने ओले व्हायचे, मर्ल गाणे म्हणायचा ते भीती लपवायला, हे मला त्याने कधी सांगितले नाही तरी कळायचे. आणि आता मी एका हाताने चालवत होते. समोरून येणाऱ्या ट्रकला मी स्टिअरिंगवरचे बोट उचलून रामराम केला तेव्हा केंडल माझ्याकडे बघतच राहिला.

पायथ्याला रेनाटाच आधी उतरली. ट्रेलरच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फटींतून पाहत गेली. मग म्हणाली, "आई, इकडे या."

बाराही गायी उभ्या होत्या. कोपऱ्यातली वाकड्या शिंगाची म्हातारी चक्क रवंथ करत होती. रेनाटा हसायला लागली आणि मीही. केंडल आला, त्याने पाहिले, मोबाइल खिशात टाकला. आम्हा तिघांना एकत्र हसताना त्या जागेने फार वर्षांनी पाहिले असेल.

तर मी लालांच्या घराण्यातली बाई राखाडी गाडी घेते आहे, आणि मर्लला वर जाऊन काय सांगायचे ते माझे मी पाहीन. ही गाडी माझ्यामागे केंडलला द्यावी. त्याच्याइतके तिच्यावर कोणी प्रेम करणार नाही. दर दोन वर्षांनी बदलू नकोस, रे.

कलम पाचवे. माझी शवपेटी अंत्यविधीवाल्यांच्या काळ्या मोटारीतून नेऊ नये. राखाडी गाडीच्या हौद्यातून न्यावी, चर्चच्या टेकडीवरून खाली उतरवताना इंजिन ब्रेक चालू ठेवावा. गावच्या हद्दीत त्याच्या आवाजाला मनाई आहे, पाटी मी वाचलेली आहे. दंड होईल तो माझ्या पैशातून भरावा.

कलम सहावे. राँच.

या मृत्युपत्रात राँच नाही.

रविवारी केंडल जेवायला आला तेव्हा मी त्याला सरळ सांगितले की जागा रेनाटाला देते आहे. त्याने काटा खाली ठेवला. खिडकीतून बाहेर बघत बसला. मला वाटले आता उठून जातो. मग त्याने विचारले, "आणि गाडी?"

"गाडी तुला."

"राखाडी?"

"लाल डेल्बर्टला. दुसरी आहे का माझ्याकडे?"

त्याने पुन्हा काटा उचलला. मग म्हणाला, "जागा मी विकली असती, आई."

"माहीत आहे."

"राग आलाय मला."

"येऊ दे. भाजी वाढू का?"

त्याने ताट पुढे केले. राग अजून आहे, आणि तो असणारच. पण काल त्याचा फोन आला होता, गाडीत ट्रेलरच्या ब्रेकची जोडणी कोणती करून घ्यायची ते सांगायला.

मग मला प्रश्न पडला की रेनाटाने माझ्या मरणाची वाट का पाहावी. तिचे वय पंचेचाळीस. मी आणखी पंधरा वर्षे जगले, आणि माझा तसाच बेत आहे, तर ती साठीला मालकीण होणार. त्यापेक्षा आज सकाळी आम्ही दोघी काउंटीच्या कार्यालयात गेलो आणि मी बक्षीसपत्र करून जमीन, गोठे आणि गुरे तिच्या नावे केली. घर मरेपर्यंत माझ्या वापरात राहील. तिला मी फक्त सांगितले होते की एका कागदावर सही लागेल. कागद वाचल्यावर, जी बाई गायीच्या पोटात खांद्यापर्यंत हात घालताना विनोद करते, तिने सही करायला पेन उलटे धरले.

कारकून बाईने विचारले, "तुमचं एकमेकींशी नातं काय लिहू?"

"मुलगी," मी म्हणाले.

"तसं कायद्याने लिहिता येत नाही, ट्वायला."

"मग मोकळी ठेवा ती जागा. आम्हाला घाई नाही."

बाहेर पायऱ्यांवर रेनाटाने डोळे पुसले, नाक शिंकरले आणि माझ्याकडे पाहिले.

"तुम्ही आता काय करणार, आई?"

"ते तू सांगायचंस. मालकीण तू."

तिने थोडा विचार केला. "सोमवारी पहिली खेप डोंगरावर न्यायची. घाट मला आवडत नाही, कधीच आवडला नाही. गाडी तुम्ही चालवायची. पहाटे पाचला. उशीर झाला तर मी दुसरं माणूस बघेन."

म्हणून हे मृत्युपत्र लवकर आटोपते घेत आहे. ते मी वाचून पाहिले, त्यात माझ्या मनाविरुद्ध काही नाही, आणि खालील दोघांच्या देखत मी त्यावर सही करत आहे. त्या दोघांना यातले काहीही मिळत नाही, याबद्दल आयडा मघापासून कुरकुरते आहे.

ठिकाण: क्ले फोर्क, वायोमिंग
दिनांक: मंगळवार, ४ जून २०१९

साक्षीदार:
आयडा म्यूलर, कॅफे चालवते
रॉस टिलमन, गुरांचे डॉक्टर

मृत्युपत्र करून ठेवणार:
ट्वायला जून ऑस्ट्रँडर
ड्रायव्हर, आर्चुलेटा राँच