जोडीचा शब्द

ग्रे पॉइंट, प्रिन्स एडवर्ड बेट
६ मार्च १८९३

चि. मर्डॉक यास इफीताईचे अनेक आशीर्वाद.

आईने शुक्रवारपासून ओटची पेजसुद्धा घेतलेली नाही. डॉक्टर म्हणाले, आठवडा निघाला तर देवाची कृपा. ती दुखणं सांगत नाही, फक्त दिवसातून दोन-तीनदा विचारते, आमदारसाहेबांची घसरगाडी बर्फावरून आली का. तू निवडून आल्यापासून तिने तुला नावाने हाक मारायचं सोडलंय, ते तुला ठाऊक आहेच.

स्वयंपाकघरात रोज आठ-दहा माणसं बसलेली असतात. आईला बघायला आलो म्हणतात, पण दुसरा चहा झाला की सगळे पुलावर घसरतात. पूल नदीच्या खालच्या अंगाला, समुद्राकडे बांधला तर आपल्या धक्क्याला एक गलबत लागायचं नाही, आणि तुझा पक्ष तर पुलाच्या बाजूने. नील म्हातारा काल म्हणाला, येऊ दे त्याला, मतं मागायला ज्या बाकावर बसला होता त्याच बाकावर बसवून विचारतो. मी म्हटलं, आधी आईला भेटू द्या, मग काय ते विचारा.

विधानसभा तुझ्यावाचून कोसळणार नाही. लोकरी मोजे घाल, मागच्या खेपेसारखा शहरी बुटांचा दिमाख नको.

उत्तर लिहू नकोस, तूच ये.
तुझी
इफीताई

शार्लटटाउन
९ मार्च १८९३

ती. इफीताईस सा. न. वि. वि.

तुझं पत्र खिशात घेऊनच सभागृहात बसतो. आमचं बहुमत एका मताचं, आणि पुलाचं मतदान सोमवारी. रजा मागितली तर आमचे पुढारी म्हणाले, आई सगळ्यांनाच असते.

एक वाट आहे. समोरच्या बाजूच्या कोणी माझ्याशी जोडी लावली, तर मतदानाला दोघंही बाहेर राहतो आणि कोणाचंच पारडं हलत नाही. कागदावर काही नसतं, नुसता शब्द. आणि ज्या कारणासाठी जोडी मागितली ते खोटं निघालं, तर पुन्हा त्या माणसाच्या शब्दाला इथे कोणी विचारत नाही. पश्चिमेकडचे फिदेल गोदे म्हणून एक फ्रेंच बोलणारे वृद्ध सभासद आहेत. चार वर्षं त्यांनी मला भर सभेत सोललंय. तरी त्यांनाच विचारून बघतो.

आईला सांग, संत्री घेऊन येतो. माझ्यावर रागावू नकोस, एवढंच मागतो.
तुझा
मर्डॉक

शार्लटटाउन
१७ मार्च १८९३

ती. इफीताईस सा. न. वि. वि.

तुझी तार मला उशिरा मिळाली. तोवर दफनाची वेळही टळून गेली होती. गोदेंनी जोडीला साफ नकार दिला, म्हणून जागचं हलता आलं नाही. राजकारण माणसाला असं करतं. पूल मंजूर झाला.

ती माझ्याबद्दल काही म्हणाली का? जमलं तर लिही.
मर्डॉक

टिगनिश
२२ मार्च १८९३

मिस इफी यांस फिदेल गोदे याचा स. न. वि. वि.

आपली ओळख नाही. मातुःश्री गेल्याचं वर्तमानपत्रात वाचलं, म्हणून धीर करून लिहितो. माझी आई गेली तेव्हा मी समुद्रावर होतो. तुमच्या भावाने जोडी मागितली तेव्हा मला तेच आठवलं, आणि मी लगेच हो म्हटलं. माझ्या पक्षाचे लोक पुष्कळ बोलले. बोलू देत.

दहा तारखेला आम्ही दोघं एकाच आगगाडीने निघालो. त्याच्या मांडीवर संत्र्यांची पिशवी होती. तुमच्याकडे जायला तो जंक्शनवर उतरला, मी पुढे माझ्या गावी आलो. हवा तर इतकी स्वच्छ होती की तो दुपारपर्यंत घरी पोचलाच असेल. त्याला आईजवळ चार दिवस मिळाले, या समाधानात मी आहे. सभागृहात मात्र त्याला पूर्वीसारखाच सोलीन, हेही त्याला कळवा.

या परक्या म्हाताऱ्यालाही आपलं म्हणा.
फिदेल गोदे

ग्रे पॉइंट
२७ मार्च १८९३

चि. मर्डॉक यास आशीर्वाद.

सोबत गोदेंचं पत्र आहे. मी ते दोनदा वाचलं आणि मग बटाटे सोलायला बसले. वर्तमानपत्रात पुलाला हो म्हणणाऱ्यांत तुझं नाव नाही, नाही म्हणणाऱ्यांतही नाही. ते कसं, हे आधी उमगलं नव्हतं.

जंक्शनच्या खाणावळीत तू पाच दिवस बसलास, हे टपालाची घसरगाडी हाकणाऱ्याने परवा सांगितलं. त्याला वाटलं, मला माहीत असेल. आपलं घर तिथून चौदा मैल. रस्ता मोकळा होता, टपाल रोज येत होतं. स्वयंपाकघरातली माणसं तुला नको होती, एवढं मला कळतं. तू एक शब्द टाकला असतास तर मी त्यांना बाहेर काढलं असतं.

रडू येत नाही. हात आपापली कामं करतात.

गोदेंना मी लिहिलं की तू पोचलास. म्हणून तुलाही हे माहीत असलेलं बरं, ते विचारतील. तू शुक्रवारी दुपारी आलास. आई खिडकीकडे तोंड करून होती, निळी शाल पांघरून. रविवारी तिला जरा बरं वाटलं, शेजारणीच्या कोंबड्यांवरून ती हसली. मंगळवारी सकाळी, गाईंचं दूध काढून मी आत आले तेव्हा, ती गेली. हात उबदार होते, ते तू धरलेस. अर्धं संत्रं तिने खाल्लं असं मी लिहिलंय. पुरं लिहायला हात धजला नाही.

हे सगळं पाठ कर. संत्र्याचं आणि तुझं सोडून बाकी खरं आहे.

शेवटी ती तुझ्याबद्दल काही म्हणाली का, असं तू विचारलंस. तिने तुला नावाने हाक मारली की नाही, ते मी गोदेंना कळवलेलं नाही. तुलाही कळवत नाही.

मोजे विणून झालेत, टपालाने पाठवते.
इफी