पाच माणसं बसल्यावर

नाना, मागच्या पत्रात मी तुम्हाला एक गोष्ट चुकीची लिहिली होती. तुमच्या मुलाच्या, म्हणजे दादाच्या, गाडीची पुढची टायरं आतल्या कडेनं गेली, त्याचं कारण मी कॅम्बर असं लिहिलं. तुमच्या भाषेत, चाक वरून आत कललंय म्हणून. चाक कललंय हे खरं आहे, पण टायर खाल्लं ते टोनं, म्हणजे चाकाच्या आत-बाहेर वळण्यानं. चाकं फेंगडी झाली, पुढून बाहेर वळली, आणि सरळ फिरायच्या ऐवजी घासत गेली. ते पत्रही मी कुठं टाकलेलं नव्हतं, तेव्हा ही चूक माझ्याशिवाय कुणी वाचलेली नाही. तरी ती तशीच ठेवून पुढचं लिहायला घेणं मला जमेना. तुम्ही माझे चुलते, आणि आयटीआयमध्ये जाण्याच्या कितीतरी आधी हे काम मला तुम्ही शिकवलंत. निदान तुम्हाला सांगितलेलं तरी बरोबर असावं.

चूक कशी झाली तेही सांगते. दादानं दिवाळीनंतर एक पांढरी गाडी घेतली. जुनीच, पण चकचकीत. लग्नात नवरदेवासाठी भाड्यानं द्यायची म्हणून. पुण्यातून त्यानं तिला आखूड स्प्रिंगा बसवून आणल्या आणि गाडी पार खाली आणली. चाक आणि वरचा पत्रा यांच्यात बोट जाईल एवढीच फट राहिली. आपल्याकडच्या रस्त्यांना अशी गाडी कशाला, असं मी विचारलं तर म्हणाला, फोटो चांगला येतो. अशी खाली आणलेली गाडी समोरून बघितली की चाकांचा कल लगेच दिसतो, दोन्ही चाकं वरच्या बाजूनं एकमेकांकडं झुकलेली. टायर आतून झिजलेलं दिसल्यावर मी डोळ्याला जे आधी दिसलं तेच कारण धरलं. फेंगडेपण डोळ्याला दिसत नाही. ते मोजावं लागतं, नाहीतर हातानं बघावं लागतं.

आणि हे तर तुम्ही मला सगळ्यात आधी शिकवलेलं. काकी स्वयंपाकघरात तांदळाचं पीठ चाळत होत्या, मी सातवी-आठवीत असेन. शहाबादी फरशीवर पीठ सांडलं होतं. मी तुम्हाला विचारलं होतं की चाक कललेलं वाईट की फेंगडं वाईट. तुम्ही सरळ त्या पिठात उभे राहता. आधी पाय बाहेरून उचलून, आतल्या कडेवर भार देऊन चार पावलं चालता. पिठात बारीक ठसे उमटतात. मग दोन्ही पावलं फेंगडी करून, न उचलता, तशीच पुढं ढकलता. पीठ दोन्हीकडं फरफटत जातं आणि खालची फरशी स्वच्छ दिसायला लागते. तुम्ही म्हणता, कललेलं चाक एका कडेवर चालतं, पण चालतं. फेंगडं चाक चालत न्हाई, रस्त्यावर किसलं जातं. काकी म्हणाल्या, चाकाचं काय ते दुकानात शिकवा, मला हितं भाकरी करायचीय. तुम्ही म्हणालात, दुकानात पीठ कुठं मिळायचं. काकींनी तुमच्या पायावर फडकं फेकलं. तरीही मी मागच्या पत्रात कॅम्बर लिहिलं.

आता आपल्या शिवरे गावच्या दुकानात चाकं मापायचं मशीन आहे. चारही चाकांना पाट्या लावायच्या, पडद्यावर आकडे येतात, बरोबर असले की हिरवे, चुकीचे असले की लाल. दादानं गाडी खाली करून आणली त्याच दिवशी मी तिचा टो लावून दिला. कल पूर्ण निघाला नाही. त्या गाडीला तो फिरवायची सोयच नाही, हे मी त्याला तेव्हाच सांगितलं होतं. पण टोचे आकडे हिरवे आले. गाडी रिकामी होती. मशीन शिकवायला आलेल्या माणसानं रिकाम्या गाडीवरच माप घ्यायचं असं सांगितलेलं, आणि ते चूक नाही. कंपनीनं ज्या उंचीची गाडी बनवली, तिच्यासाठी ते ठीकच आहे. ही गाडी त्या उंचीची राहिलेली नव्हती, एवढंच माझ्या लक्षात आलं नाही. नव्या स्प्रिंगा काही दिवसांनी आणखी बसतात, हेही मी धरलं नाही.

तुमच्या दोरीच्या काळातला एक दिवस मला पक्का आठवतो. वेल्ह्याकडं माणसं भरून नेणारी एक जीप आली होती. मागच्या चाकापासून पुढच्या चाकापर्यंत दोरी ताणायची, मागचं टोक माझ्या हातात. मी दोरी बघून म्हणाले, सरळ आहे. तुम्ही उठलाच नाहीत. म्हणालात, "तू कुणाच्या गाडीचं माप घेतलंस? ह्या जीपचं न्हाई. ही जीप माणसं बसल्यावर जी असती ती जीप." मग तुम्ही शेजारच्या चहाच्या टपरीवरून सगळ्यांना उठवून आणलंत आणि जीपमध्ये बसवलंत. जीपवाला स्वतः स्टिअरिंगवर. टपरीवाल्याला सांगितलंत, चहा हितंच आण. मागून एकजण म्हणाला, नाना, वेल्ह्यापर्यंतचं तिकीट कितीला. तुम्ही चाकापाशी आडवे झालेले, तिथूनच म्हणालात, चहा प्या आन हलू नका, तुमी हलला की माझं चाक हलतं. सगळे हात छातीशी धरून, बशा सांभाळत, फोटोला बसल्यासारखे बसले होते. मला हसू येत होतं आणि दोरी हलू द्यायची नव्हती. दोरी ताणली तर पुढच्या चाकाला ती टेकेना. मघाशी सरळ दिसलेलं चाक माणसांच्या वजनानं वळलं होतं. तुम्ही पान्यासाठी माझ्याकडं हात पुढं केलात.

गेल्या रविवारी दादानं गाडी दुकानात सोडली, पुढून आवाज येतो म्हणाला. मी ती रॅम्पवर घेतली, खाली गेले आणि टायरवरून तळहात फिरवला. एका बाजूनं गुळगुळीत लागलं, उलटा फिरवला तर किसणीसारखं. नुसत्या कलानं झिजलेलं टायर दोन्हीकडून गुळगुळीत लागतं. तेव्हा मला माझं पत्र आठवलं. मग टपरीवर गेले. आता तिथं त्या टपरीवाल्याचा मुलगा बसतो. त्याला आणि गिऱ्हाइकांतल्या चौघांना गाडीत बसायला सांगितलं. तो म्हणाला, ताय, नवरदेव कोण आमच्यातला. एकानं एसी लावायला सांगितला. पाचवा बसून दार लागलं आणि पडद्यावर आधीच लाल असलेले टोचे दोन्ही आकडे आणखी वाढले. माणसं उतरली तेव्हा आकडे थोडे खाली आले, पण हिरवे झाले नाहीत. उतरलेला एकजण म्हणाला, आमच्या वजनानं एवढं झालं व्हय. मी त्याला चहा पाजला.

डाव्या टायरची आतली कड रबराखालच्या तारेपर्यंत गेली आहे, ते भारानं कधी फुटेल सांगता येत नाही. उजव्याची तार अजून दिसत नाही, पण दिसेल. बाहेरून बघितलं तर दोन्ही टायरं नव्यासारखी आहेत, नक्षी पूर्ण. गाडीसमोर उभ्या राहिलेल्या माणसाला काहीच कळणार नाही. समोर उभं राहून फोटो काढणाऱ्याला तर नाहीच.

शुक्रवारी वेल्ह्यात काकींच्या भाचीचं लग्न आहे. नवरा भोरचा. लग्न लागल्यावर दादाची गाडी नवरानवरीला घेऊन भोरला जाणार. बरोबर करवली, आणि नवरीची पाठराखीण म्हणून काकी. दादा धरून पाच माणसं. वेल्ह्याच्या रस्त्याची वळणं तुम्हाला सांगायला नकोत. आणि वऱ्हाड मागं असताना दादा हळू चालवणार नाही हेही नको.

दादा गाडी न्यायला आला तेव्हा मी त्याला सांगितलं. तो कुणाच्या तरी लग्नाच्या सुपारीला निघाला होता, पांढऱ्या शर्टात. खाली येऊन बघ म्हटलं तर शर्टाकडं बघितलं. टायरला बाहेरून बूट लावून म्हणाला, "नक्षी हाय की अजून." मी मोबाईलवर काढलेला फोटो दाखवला. तो म्हणाला, हा कुणाच्या गाडीचा. तुझ्या, म्हटलं. म्हणाला, माझ्या गाडीचं टायर असलं नसतंय. मग मी त्याला सगळं समजावून सांगितलं. पाच माणसं बसल्यावर काय होतं, टायर का बदलायला हवं, आणि जुन्या स्प्रिंगा परत घातल्याशिवाय नवीन टायरही असंच जाणार. मी फार बोलते असं तुम्ही म्हणायचात, तसं बोलले असेन. त्यानं ऐकून घेतलं. "एवढं लग्न हू दे गं," म्हणाला, "आईच्या माहेरात गाडी वर उचलून नेऊ का मी, टेम्पोसारखी?" मग दारात थांबून, अगदी साधेपणानं म्हणाला, "नाना असते तर टो मारून दिला असता आन गाडी सोडली असती."

तो गाडी घेऊन गेला. गाडी तेव्हापासून घरासमोर उभी आहे, मधे दुसरं भाडं नाही. दुकानात जाताना आणि येताना मी तिच्याजवळून जाते. काकी संध्याकाळी ओट्यावर बसून पाठराखणीला कोणती साडी नेसायची ते मला विचारतात. रोज विचारतात आणि रोज वेगळी ठरते. काल म्हणाल्या, माझ्या माहेरातली कुणी पाठराखीण अजून आपल्या स्वतःच्या गाडीतून गेली न्हाई. मी हिरवी साडी चांगली दिसेल असं सांगितलं. खरं तर तेव्हाच टायरचं सांगायचं होतं. त्यांचा चेहरा बघून साडीचंच बोलले.

दादाच्या त्या वाक्यावर मी बराच विचार केला. आधी वाटलं, तो तुम्हाला ओळखतच नाही. वेल्ह्याच्या त्याच जीपवाल्याला तुम्ही पुढं एकदा तार निघालेल्या टायरासाठी दुपारभर अडवून ठेवलं होतं. तो शिव्या देत होता, तुम्ही चहा पीत होता. पण मग मला दुसरा दिवस आठवला. दादाला मित्रांबरोबर जत्रेला जायचंय, मोटारसायकलचं मागचं टायर गोटा झालेलं, हात लावला तर आरशासारखं. तुम्ही ते बघता. दादा हात पुढं करतो आणि तुम्ही खिशातून किल्ली काढून त्याला देता. मग तुम्ही रस्त्याच्या कडेला उभे राहता. गिऱ्हाईक आलं तर मला बघ म्हणता. सारोळ्याकडून येणारी प्रत्येक मोटारसायकल जवळ येईपर्यंत तुम्ही तिच्याकडं बघत असता. जेवायलाही आला नाहीत. दादा आला, जेवला, झोपला, काही झालं नाही. सकाळी त्या गाडीला नवं टायर होतं. ते तुम्ही कधी घातलंत ते त्याला आजही माहीत नाही.

तेव्हा दादा म्हणाला ते खरं आहे असं मला वाटतं. त्याच्यासाठी तुम्ही गाडी सोडली असती. तुमच्याबद्दल हे लिहिताना मला बरं वाटत नाही, आणि मी हे चुकीचं लिहीत असेन तर ती चूक दुरुस्त करायला मला फार आवडेल. पण मला ते चुकीचं वाटत नाही. हे पत्रही टाकायचं नाही, ते एवढ्याचसाठी. बाकी सगळं तुम्ही हसत वाचलं असतं.

मी रस्त्याकडं बघत उभी राहू शकणार नाही, नाना. माझ्यात तेवढी ताकद नाही. दादा मला दुकानातून जा म्हणू शकतो. दुकान तुमचं होतं, आता त्याचं आहे. काकी लग्नात कुणाशी बोलणार नाहीत, आणि माझ्याशी कदाचित त्यानंतरही नाही. जुन्या स्प्रिंगा काकींच्याच पलंगाखाली आहेत, पोत्यात बांधलेल्या. दोन चांगली टायरं मी बघून ठेवली आहेत; ती आणि त्या स्प्रिंगा बसल्याशिवाय गाडी दुकानाबाहेर जाणार नाही. गुरुवारी हळद आहे, त्या दिवशी काकी कुणाला सापडणार नाहीत, आणि त्यांना न सांगता मला हे करायचं नाही. दादा गाडी धुवायला दुकानात आणणार आहे बुधवारी. ती रॅम्पवर चढली की काकींना घरून घेऊन येईन, खाली उभं करीन, त्यांचा हात टायरच्या आतल्या कडेवर ठेवीन, आणि मग दोन्ही चाकं काढीन. बुधवारी, जेवणं झाल्यावर.