दाखल्यावरचे गोरे बाबा

वेस्ट विंडसर
मार्च २००६

प्रिय बाबा,

भांडायचं तर मराठीत भांड, असं तुम्ही म्हणायचात. म्हणून मराठीत लिहितेय, कारण गेले काही दिवस माझं डोकं फिरलंय. तुमच्या मृत्यूच्या दाखल्यावर वंशाच्या रकान्यात ‘व्हाइट’ लिहिलंय!

चूक माझीच. फ्युनरल होममध्ये अंत्यविधीला एकच तास मिळाला होता. गुरुजी घाई करत होते, मी आईला धरून बसले होते, आणि समोर आलेल्या कागदावर न वाचता सही केली. तिथल्या माणसाने मला काही विचारलंच नाही. तुमचा गोरा रंग, घारे डोळे बघितले आणि दिलं भरून.

सत्तरच्या जनगणनेत अमेरिकन सरकारने आपल्या भारतीयांना गोऱ्यांत ढकललं, म्हणून वेगळ्या रकान्याच्या मागणीसाठी तुम्ही दर रविवारी घरोघरी सह्या गोळा करत हिंडायचात. मी लहान, मागच्या सीटवर. एक काका म्हणाले, "अहो, गोरे म्हणतायत तर म्हणू दे की, आपला फायदाच आहे." तुम्ही चहा तसाच टाकून उठलात. आणि ऐंशीच्या जनगणनेच्या फॉर्मवर ‘एशियन इंडियन’चा चौकोन आला तेव्हा मंडळात पेढे वाटलेत. आठवतं?

काल सुट्टी टाकून दाखला दुरुस्त करायला गेले. काउंटरवरच्या बाईने पुरावा मागितला. वंशाचा पुरावा! तुमच्या पासपोर्टवर तो रकानाच नाही. नातं दाखवायला मी माझा जन्मदाखला नेला होता. तिने तो वाचला आणि माझ्यापुढे सरकवला. वडिलांचा वंश: व्हाइट.

"इट ऑल मॅचेस, मॅम," ती म्हणाली.

पार्किंगमध्ये येऊन रडले, रागाने. अख्ख्या गावाच्या सह्या घेतल्यात आणि घरातल्या मुलीचा दाखला कधी उघडून बघितला नाहीत? की बघितला होतात, आणि म्हणूनच हिंडत होतात? हे आता मी कोणाला विचारू, बाबा?

आई म्हणते, "जाऊ दे गं, माणूसच गेलं, कागदाचं काय घेऊन बसलीस?" नाही जाऊ देणार.

आधी माझा दाखला बदलून घेईन. आई शपथेवर लिहून द्यायला तयार झालीय, कुरकुरत का होईना. मग तोच पुरावा लावून तुमचा. कितीही खेपा पडू देत. मी कोणाची मुलगी आहे हे त्यांना लिहावंच लागेल.

तुमचीच,
मंजिरी